'एसओएस' हे नाव आणि त्यामागे झाकलेली तीस वर्षे

विज्ञानाच्या इतिहासलेखनाला एक वाईट खोड लागली आहे: ज्याने नाव दिले, त्याच्यापासून कथेचा आरंभ मानायचा. जीवाणूंचा 'एसओएस प्रतिसाद' हे तिचे ठळक उदाहरण. लोकप्रिय लेखांत ही कथा १९७०च्या दशकात मिरोस्लाव राडमान यांच्यापासून सुरू होते. नामकरण त्यांचेच, त्याविषयी वाद नाही. वाद आहे तो आरंभाविषयी.

१९४४चा उन्हाळा. न्यूयॉर्कजवळचे कोल्ड स्प्रिंग हार्बर. २३ वर्षांच्या एव्हलिन विटकिन ई. कोलाय जीवाणूंवर अतिनील किरण सोडतात. मात्रा फार जास्त होते आणि जवळजवळ सगळे जीवाणू मरतात. बशीत उरतात अवघ्या चार वसाहती. एखाद्याने मात्रा कमी करून प्रयोग पुन्हा मांडला असता. विटकिन यांनी विचारले, हे चारच का जगले?

त्या तिथवर कशा पोहोचल्या, हेही इतिहासातच मोडते. न्यूयॉर्क विद्यापीठाने १९४० साली मिसुरीविरुद्धच्या फुटबॉल सामन्यातून लेनर्ड बेट्स या कृष्णवर्णीय खेळाडूला वगळले. त्याविरुद्ध आंदोलन करणाऱ्या सात विद्यार्थ्यांना १९४१ मध्ये निलंबित करण्यात आले. त्यांत विटकिन होत्या. पुढील शिक्षणासाठी मग त्यांनी कोलंबिया गाठले. त्या सातांचा सन्मान करायला विद्यापीठाला २००१ साल उजाडावे लागले! प्रयोगशाळेच्या भिंतींबाहेर इतिहास नसतो, असे मानणाऱ्यांनी हा तपशील जरूर लक्षात ठेवावा.

आता त्या चार वसाहतींकडे वळू. किरणांचा मारा बसलेले मूळ जीवाणू लगेच मरत नव्हते. विभाजन थांबवून ते नुसते लांबत जात, धाग्यासारखे होत आणि अखेर मरत. जगलेल्या वाणाचे विभाजन मात्र पुन्हा सुरू होई. दुसरीकडे, जीवाणूच्या जनुकसंचात निद्रिस्त असलेला विषाणूही याच किरणांनी जागा होतो, हे ज्ञात होते. या दोन घटनांचा परस्परसंबंध काय? दोन्ही एकाच प्रकारच्या नियंत्रणाखाली असाव्यात आणि इजा झाली की ते नियंत्रण सुटत असावे, असे विटकिन यांनी १९६७ साली मांडले. विखुरलेली जनुके एका संकटात एकत्र जागी होतात, ही कल्पना तिथे आहे. राडमान यांनी तिच्यावर पुढची इमारत रचली आणि दुरुस्तीची यंत्रणा त्या चौकटीत आणली. त्यांचे श्रेय त्यामुळे कमी होत नाही. आपल्या कथनाचा आळस तेवढा उघडा पडतो.

शिवाय ते नावच दिशाभूल करते. 'एसओएस' म्हणजे बुडत्या जहाजाची हाक. म्हणून आपले लेखक बिनदिक्कत लिहितात, 'जीवाणू मदतीसाठी हाक मारतो.' कोणाला? ऐकायला कोणीही नसते. एरवी लेक्सए हे प्रथिन चाळीसेक जनुकांना दाबून ठेवते. डीएनए तुटला की त्याच्या उघड्या पडलेल्या एकेरी धाग्यावर रेकए हे प्रथिन गुंडाळले जाते आणि त्याच्या सान्निध्यात लेक्सए स्वतःलाच छेदते. झाकण उडते. पण सारे एकदम घडत नाही. नेटकी दुरुस्ती करणारी जनुके आधी जागी होतात, विभाजन रोखणारे प्रथिन तयार होते, आणि इजा हटेना तेव्हा, सर्वांत शेवटी, चुका करत का होईना पण डीएनएची नक्कल पुढे रेटणारी यंत्रणा येते. याच चुकांतून उत्परिवर्तने होतात. सिप्रोफ्लॉक्सासिनसारखी प्रतिजैविके हीच साखळी सुरू करतात, तेव्हा 'हाक' म्हणून ती सोडून देणे परवडणारे नाही. इजा भरली की लेक्सए पुन्हा साठते आणि झाकण बसते. यात सेनापती नाही, आज्ञापत्र नाही. आम्हा इतिहासवाल्यांना मात्र प्रत्येक ठिकाणी एक सेनापती हवाच असतो.

विटकिन यांना लास्कर पुरस्कार मिळाला २०१५ मध्ये, वयाच्या ९४व्या वर्षी. २०२३ साली, १०२व्या वर्षी, त्या गेल्या.

पुढील भागात जाक मोनो यांचा १९४१ चा प्रबंध. त्या कथेचाही आरंभ आपण सोयीस्करपणे १९६१ पासून मानत आलो आहोत.