जुना माल, अनोळखी गिऱ्हाईक आणि आपली जुनी रीत

आमच्या मालेगावात जुना माल विकायचा तर पूर्वी तीनच वाटा होत्या. ओळखीच्या कारखानदाराला सांगायचे, दलालाच्या कानावर घालायचे, नाहीतर भंगारवाल्याला हाक मारायची. आता चौथी वाट निघाली आहे. मोबाईलवर मालाचा फोटो टाकायचा, किंमत लिहायची आणि फोनची वाट पाहायची. ही वाट वाईट नाही. जी शिलाई मशीन भंगारवाला लोखंडाच्या वजनावर मागतो, तीच मशीन धुळ्याचा किंवा नाशिकचा एखादा नवा कारागीर वापरण्यासाठी घेतो आणि तिची वाजवी किंमत देतो. म्हणून मोबाईलवर माल विकूच नका, असे सांगणाऱ्यांपैकी मी नाही. पण या वाटेवर आपली माणसे ज्या तऱ्हेने लुटली जात आहेत, ते पाहून चार शब्द लिहिणे जरुरीचे वाटले.

आमच्या दुकानातून कापड नेऊन कुर्ते शिवणारा एक मेहनती कारागीर आहे. नवी मशीन घेतल्यावर त्याने जुनी ओव्हरलॉक मशीन विकायला काढली आणि १४ हजार किंमत लावली. अर्ध्या तासात फोन आला. बोलणारा अदबीने बोलत होता. "मी फौजेत आहे, माझी नाशिकला बदली झाली आहे, घरच्यांसाठी मशीन हवी आहे," असे त्याने सांगितले. गणवेशातला फोटो पाठवला, ओळखपत्राचा फोटो पाठवला. भाव केला नाही. "माझा माणूस टेम्पो घेऊन येईल, पैसे मात्र मी आताच पाठवतो," म्हणाला आणि मोबाईलवर तो चौकोनी कोड पाठवला. आधी पाच रुपयांचा कोड स्कॅन करायला लावला. पाच रुपये गेले आणि लगेच दहा रुपये आले. कारागिराचा भरवसा बसला. मग १४ हजारांचा कोड आला. त्याने तो स्कॅन केला, पिन टाकला आणि पैसे यायच्या ऐवजी खात्यातून गेले. समोरचा म्हणाला, "चूक झाली, पुन्हा एकदा करा, दोन्ही रकमा एकदम परत येतील." त्याने पुन्हा केले. २८ हजार गेले आणि फोन बंद झाला.

यापुढची गोष्ट मला जास्त सलते. त्या भल्या माणसाने शरमेपोटी चार दिवस कोणालाच सांगितले नाही, घरातही नाही. पाचव्या दिवशी माझ्या गादीवर येऊन बसला आणि म्हणाला, "चाचा, मशीन घरातच आहे आणि पैसे गेले." तोपर्यंत उशीर झाला होता.

माल न पाहणारे गिऱ्हाईक

तीस वर्षे मी कापडाच्या बाजारात आहे. सख्खा भाऊ ठाण घ्यायला आला तरी आधी कापड बोटांत धरून चोळून पाहतो, पन्हा मोजतो आणि मग भावाला तोंड उघडतो. मग एक अनोळखी माणूस माल न पाहता, एक रुपया कमी न करता, आधीच पैसे द्यायला निघतो, तेव्हा आपल्याला आनंद का व्हावा? शंका यायला हवी. घासाघीस करणारे गिऱ्हाईक डोके खाते खरे, पण ते बहुधा खरे गिऱ्हाईक असते. आणि फौजीचे सोंग घेऊन अशी लूट देशभर चालते. वर्दीबद्दल आपल्या मनात जो मान आहे, त्याचाच हे लोक धंदा करतात. खरे ओळखपत्र कोणी अनोळखी माणसाच्या मोबाईलवर पाठवत फिरत नाही.

दुसरी गोष्ट कोड आणि पिनची. यूपीआय २०१६ साली सुरू झाले, पण अजून आपल्यातल्या पुष्कळांना एक साधा नियम पाठ नाही. पिन लागतो तो पैसे देताना किंवा शिल्लक पाहताना. पैसे घेताना पिन कधीच लागत नाही. कोडचेही तसेच आहे. विकणाऱ्याने आपला कोड दाखवायचा आणि घेणाऱ्याने तो स्कॅन करायचा. चहाच्या टपरीवर आपण हे रोज पाहतो, पण मोठी रक्कम दिसली की नेमके तेच विसरतो. एका व्यक्तीने दुसऱ्या व्यक्तीला पैशांची मागणी पाठवण्याची सोय नॅशनल पेमेंट्स कॉर्पोरेशनने १ ऑक्टोबर २०२५ पासून बंद केली. त्यामुळे लुटीची एक वाट बंद झाली, परंतु कोड पाठवून लुटण्याची वाट बंद झालेली नाही.

इथे भाषेचाही प्रश्न आहे. माझे शिक्षण उर्दू माध्यमात झाले, मराठी मी बाजारात शिकलो आणि इंग्रजी जेमतेम वाचतो. आपल्या कितीतरी कारागिरांचे असेच आहे. मोबाईलच्या पडद्यावर 'पे' असे इंग्रजीत लिहिलेले असते आणि फोनवरचा ठग सांगतो की ते बटण पैसे 'घेण्याचे' आहे. पैशांच्या पुष्कळ ॲपमध्ये मराठी भाषा निवडता येते. मुलाला बसवून आजच ती बदलून घ्या. पडद्यावर मराठीत 'पैसे द्या' असे दिसले तर बोट आपोआप थबकेल.

पैसे आले असे वाटते तेव्हा

काही ठग पैसे घेत नाहीत, 'पाठवतात'. मोबाईलवर संदेश येतो की तुमच्या खात्यात २० हजार जमा झाले. पाठोपाठ फोन येतो, "चुकून एक शून्य जास्त पडले, द्यायचे दोनच हजार होते, बाकीचे अठरा हजार परत करा, दवाखान्याचे पैसे आहेत." तो संदेश बँकेचा नसतो, त्यानेच पाठवलेला असतो. पैसे पाठवल्याचा फोटोही हवा तसा बनवता येतो. म्हणून संदेशावर किंवा फोटोवर माल सोडू नये. आपले ॲप आपण उघडावे, खात्यातली शिल्लक पाहावी आणि मगच मालाला हात लावू द्यावा. कोणी मदत करतो म्हणून एखादे ॲप घ्यायला सांगितले, किंवा आपला पडदा त्याला दिसेल अशी सोय चालू करायला सांगितली, तर फोन तिथेच ठेवून द्यावा.

पैसे खरोखर आले तरी एक धोका उरतो आणि व्यापाऱ्याला तो जास्त जड जातो. ठग दुसऱ्या कोणाला लुटून त्याचे पैसे सरळ तुमच्या खात्यात पाठवतो आणि तुमचा माल घेऊन जातो. लुटला गेलेला माणूस आपल्या गावी तक्रार करतो. पैशांचा माग काढत पोलीस तुमच्या खात्यापर्यंत येतात आणि ती रक्कम, कधी तर सगळे खाते गोठवले जाते. पोलिसांना हा अधिकार पूर्वी फौजदारी प्रक्रिया संहितेच्या कलम १०२ ने होता. १ जुलै २०२४ पासून तो भारतीय नागरिक सुरक्षा संहितेच्या कलम १०६ मध्ये आहे. ज्या खात्यातून सुताचे पैसे आणि कारागिरांची मजुरी जाते ते खाते एका जुन्या मशीनपायी अडकले, तर काय हाल होतील याचा विचार करा. म्हणून पैसे गिऱ्हाईकाच्या स्वतःच्या नावाच्या खात्यातूनच घ्यावेत. "भाऊ पाठवेल, मित्र पाठवेल" असे कोणी म्हणाले तर सौदा थांबवावा.

रोख घ्यायची असेल तर नोटा बँकेत किंवा जाणकाराकडून तपासून घ्या. जुन्या मागांचा लॉट विकणाऱ्यांनी हेही ध्यानात ठेवावे की एका व्यवहारात दोन लाख रुपये किंवा त्याहून जास्त रोख घेण्यास आयकर कायद्याने २०१७ पासून मनाई आहे.

कागद आणि साक्षीदार

आपल्या बाजारात लाखोंचा माल तोंडी शब्दावर जातो, हे खरे आहे. पण तो शब्द मोकळा नसतो. त्यामागे दलाल असतो, घराणे असते, मोहल्ला असतो. कोणी शब्द मोडला तर उद्या त्याला बाजारात तोंड दाखवता येत नाही. मोबाईलवरच्या गिऱ्हाईकामागे यातले काहीच नसते. म्हणून आपल्या बाजारचा भरवसा त्याला उसना देऊ नये. सूरह बकरामध्ये उधारीचा व्यवहार लिहून ठेवण्याचा हुकूम आहे. हातोहात व्यवहार लिहिला नाही तरी दोष नाही, परंतु खरेदी-विक्रीला साक्षीदार ठेवा, असेही तिथेच सांगितले आहे. आपण ही आयत ऐकतो आणि सौद्याच्या वेळी विसरतो.

जुनी वस्तू विकताना साध्या कागदावर पावती करावी. वस्तू कोणती, तिचा नंबर काय, किंमत किती, तारीख कोणती, घेणाऱ्याचे नाव-पत्ता आणि दोघांच्या सह्या. वस्तूत दोष असेल तर तोही लिहावा. मोटार कधी बांधली होती, कोणता भाग बदलला होता, हे आधीच सांगून टाकावे. त्यात इमानही राहते आणि मागून भांडणही होत नाही. पुढे खाते अडकले तर तपास करणाऱ्या अधिकाऱ्याला दाखवायला हाच कागद कामी येतो.

मोटारसायकल किंवा टेम्पो विकणाऱ्यांनी तर पावतीवरही थांबू नये. मोटार वाहन कायद्याच्या कलम ५० प्रमाणे घेणारा राज्यातलाच असेल तर विकणाऱ्याने १४ दिवसांच्या आत आर.टी.ओ. कार्यालयाला कळवायचे असते. २९ आणि ३० नंबरचे फॉर्म त्यासाठीच आहेत. कोऱ्या फॉर्मवर सह्या करून गाडी देऊन मोकळे होणे ही आपल्याकडची जुनी खोड आहे. सर्वोच्च न्यायालयाने २०१८ मध्ये स्पष्ट केले की नोंदणीत ज्याचे नाव तोच मालक, आणि अपघाताच्या भरपाईची जबाबदारीही त्याच्यावरच येते. गाडी चालवून पाहतो म्हणणाऱ्याला एकट्याला चावी देऊ नये. मागे आपला माणूस बसवावा.

जुना मोबाईल विकण्याआधी सिम व मेमरी कार्ड काढावे, पैशांची ॲप आणि ईमेल खाते बंद करावे आणि मग सगळा मजकूर पुसून फोन कोरा करावा. घरातल्या बायकामुलींचे फोटो त्यात असतात, हे विसरू नये.

लुटले गेल्यावर

आता शरमेविषयी. फसला तो अडाणी, असे आपण सहज बोलून जातो. हे बरोबर नाही. शिकलेले, नोकरदार, व्यापारी सगळेच फसतात. पण या बोलण्यामुळे लुटलेला माणूस गप्प बसतो आणि त्या गप्प बसण्याचा फायदा ठगाला होतो. कारण लुटलेला पैसा काही वेळ एखाद्या खात्यात असतो, मग पुढे पुढे सरकतो. म्हणून पहिल्या तासातच १९३० या नंबरवर फोन करावा. हा सरकारचा सायबर लुटीसाठीचा नंबर आहे. सायबर क्राइम डॉट गव्ह डॉट इन या सरकारी ठिकाणीही तक्रार नोंदवता येते. रक्कम ज्या खात्यात आहे तिथेच ती अडवण्याची कोशिश होते. आपल्या बँकेलाही ताबडतोब कळवून तक्रारीचा नंबर घ्यावा. स्वतः पिन टाकला असेल तर कळवण्याआधीचा तोटा ग्राहकाचा आणि कळवल्यानंतरचा बँकेचा, असे रिझर्व्ह बँकेने २०१७ च्या परिपत्रकातच म्हटले होते. आमच्या कारागिराने पहिल्या १४ हजारांनंतर हात थांबवला असता आणि फोन केला असता, तर निदान दुसरे १४ हजार वाचले असते.

शेवटी व्यापारी बंधूंना एक विनंती. आपल्या किती बहिणी घरात बसून शिलाई, जरी, फॉल-पिकोची कामे करतात. त्यांना जुनी मशीन विकायची असते. अनोळखी पुरुषाला घरचा पत्ता द्यायला त्या घाबरतात आणि ते योग्यच आहे. मग मशीन भंगारात जाते, नाहीतर कोणी ठग त्यांना गाठतो. आपण दुकानदारांनी त्यांना सांगावे की गिऱ्हाईकाला आमच्या दुकानावर बोलवा. दिवसाउजेडी, चार माणसांत, आमच्या गादीवर सौदा होऊ दे. मशीन तिथेच चालवून दाखवा, पैसे खात्यात आलेले आम्ही पाहतो, पावतीवर साक्षीची सही आम्ही करतो. यात आपले काही खर्च होत नाही. ठग अशा ठिकाणी येतच नाही आणि खऱ्या गिऱ्हाईकाला यायला अडचण नसते.

माझ्या दुकानात मी हे सुरू केले आहे. त्या कारागिराची ओव्हरलॉक मशीन गेल्या महिन्यात माझ्या गादीवरच विकली गेली. धुळ्याचा एक तरुण आला, त्याने कापडाच्या तुकड्यावर मशीन चालवून पाहिली, अर्धा तास घासाघीस केली आणि ती साडेबारा हजारांना नेली. कागद झाला, दोन सह्या झाल्या. गेलेले २८ हजार काही परत आले नाहीत. पण त्याच्या पुढचा माणूस वाचला तर तेही थोडे नाही.