आमिषाचा सांभाळ

गळाने मासे धरण्याच्या विद्येविषयी आपल्या मंडळींत जी चर्चा चालते, तिच्यात काठीची लवचिकता, दोरीचा ताण, गळाचा आकार आणि पाण्याची खोली यांना पुष्कळ जागा मिळते. परंतु ज्या एका जिनसामुळे मासा गळाकडे वळतो ते आमिष मात्र पहाटे घाईघाईने उकिरड्याशेजारी खणून काढावे, प्लास्टिकच्या डब्यात कोंबावे आणि दुपारी त्याला घाण सुटली म्हणजे पाण्यात भिरकावून द्यावे, असा बहुतेकांचा दस्तूर पडून गेला आहे. प्रस्तुत अंक वाचकांच्या हाती पडेल तेव्हा वैशाखाचे ऊन तापलेले असेल, तळी आटू लागलेली असतील आणि आमिष टिकवण्याची खरी कसोटी लागलेली असेल. म्हणून हे संपादकीय त्याच विषयाला वाहिले आहे. आमिष सांभाळणे हा गळ टाकणाराच्या कर्तव्याचाच एक भाग आहे, आणि त्या कर्तव्याची मुदत उरलेल्या शेवटच्या गांडुळाची नीट वासलात लागेपर्यंत संपत नाही, एवढेच आमचे सांगणे आहे.

गोड्या पाण्यातील आमिषांत गांडुळाचा मान पहिला. या जीवाला फुप्फुसे नाहीत आणि कल्लेही नाहीत. तो आपल्या ओलसर त्वचेतून श्वास घेतो, आणि त्या त्वचेवरचा ओलावा सुकला की प्राणवायू शरीरात शिरण्याचा मार्गच खुंटतो. हे एक तत्त्व ध्यानात धरले म्हणजे त्याच्या संगोपनाचे बाकीचे बहुतेक नियम आपोआप सुचत जातात. माती ओली हवी, पण चिखल नको, कारण चिखलात हवा खेळत नाही. झाकण हवे, पण त्याला छिद्रे हवीत. ऊन तर मुळीच नको. आणि मिठाचा किंवा लिंबाच्या सालींचा संपर्कही नको. साधारण १५ ते २५ अंश उष्णतामान त्याला मानवते, आणि ३५ अंशांच्या पुढे त्याचा निभाव लागणे कठीण. मोटारीच्या मागच्या कप्प्यात ठेवलेल्या बंद डब्यातील गांडुळे तळ्यावर पोहोचेपर्यंत का दगावतात, याचा उलगडा एवढ्यावरून व्हावा.

यावर उत्तम तजवीज म्हणजे रुंद तोंडाचे, रोगण न दिलेले मातीचे मडके. तळाशी काथ्याचा थर द्यावा, त्यावर चाळलेली माती आणि पुरते कुजलेले शेणखत समभाग मिसळून भरावे. ताजे शेण कुजताना तापते, सबब ते कटाक्षाने टाळावे. मिश्रण मुठीत दाबले असता गोळा बनावा आणि बोटांच्या फटींतून पाण्याचा एखाद-दुसराच थेंब निघावा, इतका ओलावा पुरे. नळाचे पाणी वापरायचे तर ते रात्रभर उघडे ठेवून मग शिंपडावे. गांडुळे मातीत पुरू नयेत, वर पसरून ठेवावीत. धडधाकट असतील ती थोड्याच वेळात आपण होऊन खाली उतरतात. जी वरच रेंगाळतात ती खणताना कुदळीने दुखावलेली असतात, आणि ती तेव्हाच निवडून काढावीत. या निवडीत हयगय करू नये, कारण मेलेले गांडूळ पांढुरके पडून फुगते, लवकर कुजते आणि सोबतच्या निरोगी गांडुळांनाही घेऊन जाते.

मडक्याच्या तोंडावर ओले गोणपाट बांधले म्हणजे देशावर व विदर्भात बाष्पीभवनाने आतली माती बाहेरच्या हवेपेक्षा पुष्कळ थंड राहते. कोकणात मात्र हवाच दमट असल्याने हा उपाय तितका गुणकारी ठरत नाही. तेथे पोफळीच्या बागेत, पाटाच्या कडेला, मडके गळ्यापर्यंत जमिनीत पुरणे अधिक श्रेयस्कर.

गळाला लावण्यापूर्वी एक-दोन दिवस गांडुळे ओल्या शेवाळात किंवा स्वच्छ काथ्याच्या भुशात ठेवली तर त्यांच्या पोटातील माती निघून जाते, कांती उजळते, त्वचा चिवट होते आणि ती गळावर अधिक काळ टिकतात. इंग्लंडात आयझॅक वॉल्टन याने १६५३ साली प्रसिद्ध केलेल्या आपल्या मत्स्यविद्येच्या ग्रंथात शेवाळाचा हाच उपाय सांगितला आहे, आणि आजही त्यात काही भर घालण्याचे कारण दिसत नाही.

झिंगे, कोळंबी अथवा माशांचे तुकडे टिकवण्याचे मार्ग दोन, मीठ आणि बर्फ. आणि दोघांचे गुणदोष परस्परांच्या उलट आहेत. मीठ मांसातील पाणी ओढून घेते, त्यामुळे जंतूंची वाढ खुंटते आणि मांस घट्ट होऊन गळावर पक्के बसते. परंतु त्या पाण्याबरोबर माशाला दुरून आकर्षून घेणारी अमिनो आम्लेही काही अंशी निघून जातात. शीतपेटीत हा रस आतच राहतो, पण गोठण्याची क्रिया सावकाश झाली तर बर्फाचे मोठे स्फटिक पेशी फाडतात आणि वितळल्यावर मांस लिबलिबीत होऊन गळावरून गळून पडते. या दोहोंची सांगड घालणे हाच शहाणपणाचा मार्ग. सोललेली कोळंबी फडक्याने कोरडी करून चिनी मातीच्या बरणीत जाड्या मिठाच्या थरांमध्ये एक रात्र ठेवावी, सकाळी सुटलेले पाणी ओतून द्यावे, आणि मग एका खेपेला पुरतील अशा लहान, चपट्या पुड्या करून गोठवाव्यात. चपटी पुडी लवकर गोठते. एकदा वितळलेली पुडी पुन्हा गोठवू नये.

कणीक, नाचणी आणि पेंडीच्या गोळ्यांची गोष्ट निराळी. पीठ कोरडे भाजून हवाबंद डब्यात ठेवावे आणि पाणी तळ्याच्या काठीच घालावे. भिजवलेला गोळा उन्हाळ्यात एका दिवसात आंबतो. शेंगदाण्याच्या पेंडीबाबत मात्र आम्ही निक्षून ताकीद देऊ इच्छितो. दमट पेंडीवर वाढणारी एक बुरशी अफ्लाटॉक्सिन नावाचे विष निर्माण करते. १९६० साली इंग्लंडात अशाच पेंडीच्या खाद्याने एक लाखाहून अधिक टर्की पक्षी मेले, तेव्हा या विषाचा शोध लागला; आणि ट्राउट माशांच्या यकृतात त्याने कर्करोग होतो, हेही पुढे सिद्ध झाले. बुरसलेली पेंड माशांना चालते, असे म्हणून ती पाण्यात लोटणारांनी याचा विचार करावा. फॉर्मेलिनसारख्या द्रव्यांचा तर आमिषासाठी विचारही होऊ नये, कारण गळातून निसटलेला मासा ते गिळतो आणि तोच मासा उद्या कोणाच्या तरी ताटात येतो.

राहता राहिला प्रश्न उरलेल्या आमिषाचा, आणि आमच्या मते तोच सर्वांत महत्त्वाचा. जिवंत छोटे मासे आमिष म्हणून एका तळ्यातून दुसऱ्या तळ्यावर नेऊन, उरले तर दयाबुद्धीने पाण्यात सोडून देणे, ही रीत सद्हेतूची असली तरी घातक आहे. १९५२ साली आपल्या देशात आणलेला तिलापिया, ज्याला आपले मच्छीमार चिलापी म्हणतात, आज कित्येक जलाशयांत देशी माशांच्या जागेवर ठाण मांडून बसला आहे. आफ्रिकन मागुराच्या संवर्धनावर केंद्र सरकारने २००० साली बंदी घातली, तरी तो नद्यांतून नाहीसा झालेला नाही. या परक्या जातींचा प्रसार केवळ गळवाल्यांनी केला असे कोणी म्हणणार नाही. परंतु त्यात आपल्या बादलीचा हातभार नसावा, एवढा बंदोबस्त तर आपण निश्चित करू शकतो. जिवंत मासे ज्या पाण्यातले असतील तेथेच वापरावेत. खतप्रकल्पातून विकत आणलेली गांडुळेही बहुधा युरोपीय किंवा आफ्रिकन जातींची असतात. उरल्यास ती रानात न सोडता घरच्या खतखड्यात परत जावीत.

मत्स्यछंदी मंडळांच्या चालकांना आमची विनंती आहे की त्यांनी आपापल्या तळ्याच्या काठी, पाण्याच्या रेषेपासून दूर, झाकणाचा एक खड्डा करावा, आणि काठी गुंडाळण्यापूर्वी प्रत्येकाने उरलेली मृत आमिषे, कणीक व पेंड त्यातच टाकावी, असा नियम करून तो अमलात आणावा. नव्या सभासदाला गळ बांधायला शिकवण्याआधी मडके भरायला शिकवावे. या दोन गोष्टींना फारसा खर्च नाही, सरकारी परवानगीचीही गरज नाही. आणि येत्या मृगाच्या पावसात मासे चढणीला लागतील त्यापूर्वी त्या सहज पार पडण्याजोग्या आहेत.