रेघोट्यांचे शास्त्र

दिवाळी आली की एरंडोलच्या ओट्यांसमोर सडे पडतात, ठिपके मांडले जातात आणि ठिपक्याला ठिपका जोडीत रांगोळी उमटते. निव्वळ ठिपके आणि त्यांना जोडणाऱ्या रेघा एवढ्याच भांडवलावर चालणारे एक गणित आहे. त्याला आलेख-सिद्धांत म्हणतात. शाळेत चौकटीच्या कागदावर काढतो तो आलेख वेगळा. इथे रेघ वाकडी की सरळ, लांब की आखूड, याची पंचाईत नाही. कोण कोणाशी जोडलेला आहे, एवढेच पाहायचे.

आमच्या शेजारची मुलगी जळगावच्या विद्यापीठात एम्. एस्सी.ला हाच विषय घेऊ म्हणते. वडिलांचा सवाल रोकडा : “हाई शिकीसन काय व्हई?” हा सवाल मला परका नाही. मी मराठी शिकवतो; दर जूनमध्ये एखादा पालक तो मलाही टाकतोच. तेव्हा मुलीचे वकीलपत्र मी आपण होऊन घेतले.

लहानपणचे पाकिटाचे कोडे आठवते ना? चौकोन, त्यात दोन कर्ण, वर त्रिकोणी टोपी. हात न उचलता, रेघ न गिरवता काढायचे. टोपीसकट जमते, टोपी काढली की जन्मभर जमत नाही. कारण सोपे आहे. वाटेतल्या ठिपक्यात एका रेघेने शिरायचे, दुसरीने निघायचे. म्हणजे तिथल्या रेघा सम हव्यात. विषम चालतील त्या फक्त आरंभाच्या आणि शेवटच्या ठिपक्यावर. बिनटोपीच्या चौकोनाला तर चारही कोपऱ्यांवर तीन-तीन रेघा! ऑयलरने १७३६ च्या सुमारास क्योनिग्सबर्गच्या सात पुलांचे कोडे याच युक्तीने निकालात काढले आणि हे शास्त्र जन्माला आले.

आता उपयोग. पोस्टमनला गावातली प्रत्येक गल्ली फिरून कचेरीत परतायचे आहे; पायपीट कमीत कमी कशी होईल? ग्वान मेइगू या चिनी गणितज्ञाने १९६० मध्ये हा प्रश्न मांडला. विषम गल्ल्या फुटतात ते चौक हुडकायचे, एकूण अंतर कमीत कमी होईल अशा त्यांच्या जोड्या लावायच्या, आणि तेवढ्याच वाटा दोनदा चालायच्या. आमच्या घंटागाडीलाही हाच हिशेब लागू आहे.

मात्र मला मोह पडला तो बिनउपयोगी भागाचा. शरच्चंद्र शंकर श्रीखंडे १९१७ साली सागरला जन्मले, नागपुरात शिकले आणि पुढे मुंबई विद्यापीठात प्राध्यापक झाले. ऑयलरचा १७८२ सालचा एक अंदाज बोस, पार्कर आणि श्रीखंडे या त्रयीने १९५९ मध्ये खोटा ठरवला, तेव्हा ‘न्यूयॉर्क टाइम्स’ने ती बातमी पहिल्या पानावर छापली. त्याच वर्षी श्रीखंड्यांनी १६ ठिपक्यांची एक आकृती दाखवली. प्रत्येक ठिपक्याला सहा शेजारी, आणि कोणतेही दोन ठिपके घ्या, त्यांचे सामाईक शेजारी नेमके दोन. चार बाय चारच्या पटावर हत्तीच्या चालीने घरे जोडली तरी हेच आकडे येतात. तरीही आकृत्या दोन! पटावर एका घराचे सहा शेजारी तिघा-तिघांच्या दोन तटांत फुटतात. श्रीखंड्यांच्या आकृतीत ते सहाही जण हातात हात धरून रिंगण करतात. शिरगणती तीच, पण गोत वेगळे. चार सोडून दुसऱ्या कोणत्याही मापाच्या अशा पटाला असा जोडीदार नाही, हेही त्यांनीच सिद्ध केले. २०२० मध्ये, वयाच्या १०२ व्या वर्षी ते वारले. जगभरच्या पुस्तकांत ती आकृती आजही त्यांच्याच आडनावाने ओळखली जाते.

हे सारे मी मुलीच्या वडिलांना कागदावर काढून दाखवले. घंटागाडी त्यांना पटली. रिंगणाकडे मात्र ते बराच वेळ पाहत राहिले. “पोरीला हे समजतं?” त्यांनी विचारले. “माझ्यापेक्षा पुष्कळ जास्त,” मी म्हणालो. प्रवेशाचा अर्ज अजून त्यांच्या सहीविना पडून आहे. पण उपयोगाचा सवाल त्यांनी त्यानंतर काढलेला नाही.