केस-पेपरवर नसलेला रकाना

बँकेतल्या नोकरीची पहिली सहा वर्षे मी यवतमाळ जिल्ह्यात काढली. पीककर्जाच्या अर्जात तेव्हा गट क्रमांक, सात-बाराचा उतारा, विहिरीची खोली, बैलजोडीची किंमत, जामीनदाराची सही अशी सगळी चौकशी असे. अर्जदाराला रात्री झोप लागते का, एवढे मात्र कुठे विचारलेले नसे. ते विचारायला आम्ही काही डॉक्टर नव्हतो, हे खरेच. पण वसुलीला गेल्यावर ओसरीवरचा माणूस हप्त्याविषयी बोलता बोलता मधेच गप्प होई आणि दाराआडून त्याची बायको म्हणे, "आठ रोज झाले, यायच्या डोयाले डोया नाही लागत, साहेब." मी मान हलवून पुढची तारीख डायरीत टिपून घेत असे.

याच जिल्ह्यातल्या महागाव तालुक्यात चिलगव्हाण आहे. तिथल्या साहेबराव करपे यांनी १९ मार्च १९८६ रोजी बायको-मुलांसह जीवन संपवले. त्यानंतर विदर्भावर किती समित्या बसल्या, किती अहवाल निघाले, याची मोजदाद ठेवणे कठीण. २००६ साली पंतप्रधान मनमोहनसिंग स्वतः येऊन गेले आणि सहा जिल्ह्यांसाठी ३,७५० कोटींचे पॅकेज जाहीर झाले. २००८ साली देशभर कर्जमाफी झाली. तिच्या याद्या करताना आमच्या शाखेत रात्री दहा-दहा वाजेपर्यंत दिवे जळत होते. त्या यादीत एकाच गावचे, एकाच रकमेचे, एकाच मातीचे दोन शेतकरी शेजारी-शेजारी दिसत. एक तगून होता, दुसऱ्याच्या नावापुढे 'मयत' लिहावे लागे. कर्ज दोघांनाही होते. मग फरक कशाचा, हा प्रश्न मला कादंबरीत नेऊन सोडला. उत्तर तिथेही पुरते मिळाले नाही.

निवृत्तीनंतर परिचर्या महाविद्यालयात शिकणाऱ्या एका नातेवाईक मुलीचा प्रबंध मराठीतून इंग्रजीत नीट करून देण्याचे काम अंगावर आले आणि त्या निमित्ताने असे बरेच प्रबंध चाळले. परिचर्या म्हणजे आपण ज्याला नर्सिंग म्हणतो ते. डायलिसिसवरचे रुग्ण, कॅन्सरचे रुग्ण, मधुमेही, पहिलटकरणी, एकटे राहणारे वृद्ध: गट बदलतात, पण साचा ठरलेला. अमुक गावातील तमुक रुग्णांच्या ज्ञानावर नियोजित शिक्षण-कार्यक्रमाची परिणामकारकता! आधी प्रश्नावली, मग तासभर व्याख्यान, आठवड्याने पुन्हा तीच प्रश्नावली. गुण वाढले, म्हणून कार्यक्रम परिणामकारक. माणसाची झोप वाढली का, भूक परतली का, तो पुन्हा पारावर येऊन बसू लागला का, हे बहुतेकांनी मोजलेलेच नव्हते. मुलींचा यात दोष नाही. त्यांना दोन वर्षांत पदवी मिळवायची असते आणि ज्ञान मोजायला सोपे असते.

आणि तरी या विषयात भरीव काम झालेले आहे. २०१० साली १४८ अभ्यासांची एकत्र छाननी प्रसिद्ध झाली. त्यांत तीन लाखांहून अधिक माणसे होती. ज्यांचे नातेसंबंध घट्ट, त्यांची त्या-त्या अभ्यासाच्या काळात जगण्याची शक्यता इतरांपेक्षा सुमारे ५० टक्क्यांनी जास्त दिसली. अर्थात बरा माणूसच चार लोकांत मिसळतो आणि आजारी कोपरा धरतो, ही उलटी बाजू अशा आकडेवारीतून पुरती वगळता येत नाही. म्हणून प्रत्यक्ष काही करून पाहिलेले प्रयोग मला अधिक मोलाचे वाटतात. आपल्याकडे चार शहरांतल्या मधुमेहाच्या दवाखान्यांत ४०४ रुग्णांवर असा एक प्रयोग झाला; २०२० साली त्याचे निष्कर्ष आले. ही सगळी माणसे मधुमेहाबरोबर नैराश्यानेही ग्रासलेली. निम्म्यांच्या पाठीशी डॉक्टर नसलेला पण प्रशिक्षण घेतलेला एकेक माणूस दिला. तो विचारपूस करी, गोळ्यांची आठवण देई, अडले तर तज्ज्ञाला गाठे. दोन वर्षांनी त्यांचे मन अधिक सावरलेले दिसले आणि साखर, रक्तदाब, चरबी यांचा एकत्र हिशेबही अधिक जणांच्या बाबतीत सुधारला होता.

यवतमाळच्या जवळचे उदाहरण हवे तर शेजारच्या अमरावती जिल्ह्यातले आहे. तिथल्या ३० गावांत 'विश्राम' नावाचा उपक्रम चालला. गावातल्याच लोकांना शिकवून तयार केले, त्यांनी घरोघर जाऊन विचारले, ज्यांना गरज त्यांना पुढे पाठवले. नैराश्य असलेल्यांपैकी उपचारापर्यंत पोचणाऱ्यांचे प्रमाण आधी शंभरात चार होते, ते सत्तावीसवर गेले. आत्महत्येचे विचार मनात येणाऱ्यांचे प्रमाण शेकडा ५.२ होते, ते २.५ झाले. तुलनेला दुसरी गावे घेतलेली नसल्याने सगळे श्रेय उपक्रमाला देता येणार नाही, हे बँकवाल्याच्या सवयीने नमूद करतो.

इथे एक रोकडा आक्षेप येतो आणि तो मी स्वतः अनेक सभांतून ऐकला आहे. "कापसाला भाव द्या साहेब, समुपदेशन कायचं देता?" हा आक्षेप उडवून लावण्यासारखा नाही. दुःखाला रोग म्हटले की सरकार मोकळे होते. भाव, सिंचन, सावकार हे सगळे मग गोळीच्या पाकिटात गुंडाळता येते. पण किडनी गेलेल्याची किडनीही चार शब्दांनी परत येत नाही, तरी डायलिसिसच्या खुर्चीवर चार तास बसणाऱ्याशी कोणी बोलावे, याला कोणी हरकत घेत नाही. भाव मिळेल तेव्हा मिळेल. आज रात्री अतिदक्षता विभागात आणलेल्या माणसाला पुढच्या सोमवारपर्यंत कोणी तरी धरून ठेवायचे आहे.

ते धरून ठेवणे म्हणजे काय, हे २०१७ च्या पावसाळ्यात यवतमाळने पाहिले. फवारणी करताना विषबाधा झालेले शेतकरी आणि शेतमजूर शेकड्यांनी आजारी पडले. वसंतराव नाईक शासकीय वैद्यकीय महाविद्यालयाच्या रुग्णालयात वॉर्ड भरून गेले. जिल्ह्यात वीसहून अधिक माणसे दगावली. ही मरायला निघालेली माणसे नव्हती, दिवसाच्या मजुरीसाठी पाठीवर पंप घेतलेली होती. अशा विषबाधेत अॅट्रोपीन देतात. नाडी, डोळ्यांच्या बाहुल्या, छातीतली घरघर पाहत परिचारिका त्याची मात्रा सांभाळते. मात्रा वाढली की रुग्ण बरळतो, हात झटकतो, बायकोला ओळखत नाही. दाराशी उभ्या असलेल्या घरच्यांना वाटते, माणूस वेडा झाला, देवाचे काही झाले. "हे औषधानं होतंय मावशी, उतरेल," हे त्या क्षणी सांगणारी सिस्टर जे करते, त्याला पुस्तकात मनोसामाजिक परिचर्या असे भारदस्त नाव आहे. केस-पेपरवर त्याची नोंद होत नाही. नाडीची होते, सलाईनची होते. आणि ज्याची नोंद नाही, त्यासाठी वेळ आणि माणूस मंजूर होत नाही, हे कोणत्याही कचेरीत तीस वर्षे काढलेल्याला सांगायला नको.

भारतीय परिचर्या परिषदेच्या मापाप्रमाणे शिक्षण-रुग्णालयातल्या साध्या वॉर्डात तीन रुग्णांमागे एक परिचारिका हवी. वाचकांनी आपापल्या शहरातल्या सरकारी वॉर्डात रात्री एक चक्कर मारावी आणि स्वतः मोजावे.

जागतिक आरोग्य संघटनेने पाच देशांत केलेला एक अभ्यास २००८ साली प्रसिद्ध झाला. त्या पाच ठिकाणांत आपले चेन्नई होते. आत्महत्येच्या प्रयत्नातून वाचलेली १,८६७ माणसे त्यात होती. एका गटाला नेहमीचे उपचार देऊन घरी पाठवले. दुसऱ्या गटाशी घरी जाण्याच्या सुमारास कोणी तरी जाणत्याने, म्हणजे डॉक्टर, परिचारिका किंवा मानसशास्त्रज्ञाने, तासभर बोलायचे आणि पुढल्या दीड वर्षात नऊ वेळा फोन करायचा किंवा घरी जाऊन भेटायचे. एवढेच. दीड वर्षाने पाहिले तर पहिल्या गटात हजारी बावीस माणसे आत्महत्येने गेली होती, दुसऱ्यात हजारी दोन. पुढे काही ठिकाणी असा फरक आढळला नाही, हेही खरे. पण एक तास आणि नऊ फोन! एवढ्या खर्चाचे कर्ज मी शाखाधिकारी म्हणून डोळे मिटून मंजूर केले असते.

आपल्याकडे अशा रुग्णाच्या उशाशी आधी पोलीस येतो. २०१७ च्या मानसिक आरोग्यसेवा कायद्याने असा माणूस तीव्र ताणाखाली होता असे धरून चालावे, त्याला शिक्षा करू नये, असे सांगितले. १ जुलै २०२४ पासून लागू झालेल्या न्याय संहितेत जुन्या दंडविधानातले ते ३०९ वे कलम उरलेले नाही. तरी घरच्यांच्या मनातली भीती अजून तशीच आहे आणि ते 'चुकून प्यायला' असे लिहून देतात. चुकून प्यायलेल्याशी तासभर बोलायचे कारणच मग उरत नाही.

सरकारने काही केले नाही असे म्हणणे अन्यायाचे होईल. २०१५ पासून 'प्रेरणा प्रकल्प' १४ जिल्ह्यांत आला, आशाताई प्रश्नावली घेऊन घरोघर गेल्या. १० ऑक्टोबर २०२२ रोजी 'टेली-मानस' सुरू झाले. १४४१६ हा क्रमांक चोवीस तास फुकट लागतो, मराठीत बोलता येते, आणि हा लेख वाचणाऱ्या कोणालाही तो आज दुपारीसुद्धा फिरवता येईल. पण तो क्रमांक फिरवायचे बळ माणसाकडे उरलेले असावे लागते. चेन्नईच्या प्रयोगात फोन पलीकडून येत होता.

मागे राहिलेल्यांचा गट तर कोणत्याच वॉर्डात नसतो. जानेवारी २०१९ मध्ये यवतमाळच्या साहित्य संमेलनाचे उद्घाटन वैशाली येडे यांनी केले, तेव्हा मी मांडवात होतो. शेतकरी नवऱ्याच्या आत्महत्येनंतर उभी राहिलेली ही बाई बोलू लागली आणि आमच्यासारखे लेखक खाली पाहू लागले.

माझ्या एका चुलतभावाची गोष्ट सांगून थांबतो. काही वर्षांपूर्वी त्याच्याकडून असा प्रयत्न झाला. कोणत्या रुग्णालयात ठेवले ते सांगत नाही. रात्रपाळीला एक सिस्टर आणि एक विद्यार्थिनी, खाटा चाळीस. चौथ्या दिवशी सुटी मिळाली. कार्डावर तीन गोळ्यांची नावे आणि 'आठ दिवसांनी दाखवणे'. निघताना त्या सिस्टरने कार्ड मागून घेतले आणि पाठीमागे पेनने स्वतःचा मोबाईल नंबर लिहिला. "रात्री जड गेलं तर लावायचा, दादा. लाजायचं नाही." हे तिच्या कामाच्या यादीत कुठेच नव्हते आणि तिचा पगार त्याने एक रुपयाही वाढला नाही.

यंदा त्याने कपाशीत तुरीच्या ओळी घेतल्या आहेत. तो नंबर आपण तीनदा लावला, असे तो सांगतो. तिसऱ्यांदा ती ड्यूटीवर होती, मागे वॉर्डातला गलका ऐकू येत होता. "दहा मिनिटांनी करते," म्हणाली आणि ठेवला. तो अंगणात बाजेवर फोन हातात धरून बसला. अर्धा तास गेला. मग तिचा फोन आला.