कमरेपर्यंत गेरू

देवणीचे आमचे घर माळवदाचे. यंदा दिवाळीआधी सूनबाईंनी हौसेने माजघराच्या चारही भिंतींना गडद तपकिरी रंग दिला. खोली उबदार दिसली खरी. पण दुसऱ्याच दिवशी सासूबाई सुईदोरा घेऊन मुकाट्याने ओसरीवर जाऊन बसल्या!

मग माझ्या ध्यानात आले. माळवदाच्या घरात झरोका एवढासा, आणि गडद रंग उजेड पिऊन टाकतो. म्हणून तर जुन्या बायका डाग झाकायला खाली गेरू लावीत अन् उजेडासाठी वर पांढरा चुना!

आम्ही कमरेच्या वर पांढरा रंग दिला; खाली तपकिरी ठेवला. सासूबाई आत आल्या, सुई ओवली.

मैत्रिणींनो, गडद रंग जरूर लावा. पण आधी घरातल्या सर्वांत म्हाताऱ्या डोळ्यांना विचारा!