गुरूंचा गौरव झाला, आता हक्कांचं काय?

गुरू तेग बहादुर यांच्या शहादतीला नोव्हेंबर २०२५ मध्ये ३५० वर्षं पूर्ण झाली. केंद्र आणि राज्य सरकारांनी कार्यक्रम केले, जाहिराती दिल्या, भाषणं झाली. आपल्या शहरातल्या मुस्लिम तरुणांच्या ग्रुपवर मात्र याबद्दल बहुतेक शांतताच होती. कारण सगळ्यांना माहीत आहे. शहादतीचा विषय निघाला की औरंगजेबाचं नाव येतं, आणि त्याच वाक्यात बोट आपल्याकडे वळतं. मार्च २०२५ मध्ये खुलदाबादच्या कबरीवरून जे वातावरण तापलं आणि नागपुरात जे घडलं, त्यानंतर तर गप्प बसणंच बरं असं अनेकांना वाटतं.

आमचं मत वेगळं आहे. हा गौरव आपण मोकळ्या मनाने आपला म्हणायला हवा. १६७५ मध्ये दिल्लीच्या चांदणी चौकात गुरूंना मारलं गेलं ते बादशहाच्या हुकमाने. त्यांनी जीव दिला तो दुसऱ्याच्या श्रद्धेच्या स्वातंत्र्यासाठी, अशी शिखांची श्रद्धा आहे. धर्मात सक्ती नाही हे तत्त्व सूरह बकरामध्ये स्पष्ट आलं आहे. मग बादशहाचं समर्थन करण्याची जबाबदारी आपल्यावर कुणी टाकली? आपण ईमानाचे वारस आहोत, तख्ताचे नाही.

त्या काळातले मुसलमानही एका बाजूला उभे नव्हते. सढौऱ्याचे पीर बुद्धू शाह १६८८ मध्ये भंगाणीच्या लढाईत गुरू गोविंदसिंगांच्या बाजूने उतरले आणि आपली मुलं गमावून बसले. सरहिंदमध्ये गुरूंच्या दोन लहान साहिबजाद्यांना शिक्षा सुनावली गेली तेव्हा मालेरकोटल्याचे नवाब शेर मोहंमद खान यांनी विरोध केला. शीख समाज हे आजही विसरलेला नाही. २०२२ पासून २६ डिसेंबर हा ‘वीर बाल दिवस’ म्हणून सरकारी पातळीवर साजरा होतो. त्या दिवशी शेर मोहंमद खानांचं नाव आपल्या शाळांमध्ये कोण सांगणार? आपणच सांगायला हवं.

हा इतिहास आपल्या दारातलाही आहे. गुरू गोविंदसिंगांनी औरंगजेबाला फारसीत लिहिलेलं ‘जफरनामा’ हे पत्र घेऊन भाई दया सिंग आणि भाई धरम सिंग दख्खनमध्ये आले. त्या प्रवासात दया सिंग औरंगाबादला मुक्कामी होते असं परंपरा सांगते, आणि त्यांच्या नावाचा गुरुद्वारा शहरात आहे. खुलदाबादला बादशहाची कबर आहे, तशीच बुऱ्हानुद्दीन गरीब यांची दर्गाहही आहे. त्यांचे पीर निजामुद्दीन औलिया आणि निजामुद्दीन यांचे पीर बाबा फरीद. याच बाबा फरीदांची वाणी गुरू ग्रंथसाहिबात आहे, आपल्या मराठवाड्याच्या संत नामदेवांच्या वाणीसोबत. खुलदाबादशी आपलं नातं कबरीचं की या सिलसिल्याचं, हे ठरवणं आपल्या हातात आहे.

आता मुख्य मुद्दा. दिवस जाहीर करणं, विमानतळाला नाव देणं, जाहिरात छापणं हा गौरव झाला. तो हवाच. पण एखाद्या समाजाला सरकार खरोखर मानतं की नाही, हे त्या समाजाच्या संस्था कोण चालवतं यावरून कळतं.

नांदेडचं उदाहरण घ्या. गुरू गोविंदसिंग १७०८ मध्ये तिथे निवर्तले. जाण्यापूर्वी त्यांनी ग्रंथसाहिबाला गुरुगादी दिली. तख्त सचखंड श्री हजूर साहिब हे शिखांच्या पाच तख्तांपैकी एक. २००८ मध्ये गुरुगादीची त्रिशताब्दी मोठ्या थाटात झाली, विमानतळाला गुरूंचं नाव मिळालं. गुरुद्वाऱ्याचा कारभार हैदराबाद राज्याच्या १९५६ च्या कायद्याने चालतो. फेब्रुवारी २०२४ मध्ये राज्य मंत्रिमंडळाने हा कायदा बदलण्याचा निर्णय घेतला. १७ सदस्यांच्या मंडळावर १२ जण थेट सरकारने नेमायचे, अशी तरतूद होती. ज्यांचा गौरव करायचा, त्यांच्याच तख्ताच्या मंडळावर सरकारी बहुमत! नांदेडचे शीख रस्त्यावर उतरले, शिरोमणी गुरुद्वारा प्रबंधक समितीने विरोध केला आणि सरकारला ते विधेयक थांबवावं लागलं.

राज्य वक्फ मंडळाचं मुख्यालय आपल्याच शहरात, पाणचक्कीला आहे. २०२५ च्या वक्फ दुरुस्ती कायद्यानंतर आपण जो प्रश्न विचारतोय, तोच प्रश्न नांदेडने वर्षभर आधी विचारला होता. सुप्रीम कोर्टाने १५ सप्टेंबर २०२५ च्या अंतरिम आदेशात राज्य मंडळांवरच्या ११ पैकी मुस्लिमेतर सदस्यांची संख्या ३ च्या पुढे जाऊ नये असं सांगितलं. पण नांदेडचा मोर्चा निघाला तेव्हा पाणचक्कीवरून पाठिंब्याचा आवाज मोठा व्हायला हवा होता. आपल्यावर आल्यावरच संविधानाचं कलम २६ आठवणं पुरेसं नाही.

दुसरी गोष्ट लग्नाची. शिखांच्या आनंद कारज विवाहासाठी १९०९ पासून कायदा आहे. २०१२ मध्ये दुरुस्ती होऊन नोंदणीची तरतूद आली, पण नियम राज्यांनी करायचे होते. अनेक राज्यांनी ते केलेच नाहीत, आणि जोडप्यांना हिंदू विवाह कायद्याखाली नोंद करावी लागत राहिली. अखेर सप्टेंबर २०२५ मध्ये सुप्रीम कोर्टाने चार महिन्यांत नियम करा असा आदेश दिला. फॉर्मवर आपल्या लग्नाचा रकानाच नसेल तर चौकातल्या फ्लेक्सवरच्या सन्मानाचं काय करायचं?

शिखांकडून शिकण्यासारखं आणखी एक आहे. लंगरच्या पंगतीत कुणाला जात-धर्म विचारत नाहीत. कोविडच्या काळात गुरुद्वाऱ्यांनी ऑक्सिजनपर्यंत मदत पोहोचवली. त्यांच्या शब्दाला वजन आहे ते या सेवेमुळे. वक्फच्या जमिनींवर किती दवाखाने, किती वसतिगृहं उभी राहिली, हा हिशोब सरकारकडे मागण्याआधी आपल्या मुतवल्लींकडे मागू या. स्वायत्तता हवी तर हिशोब उघडा ठेवावा लागतो. हे गुरुद्वारा मंडळाला लागू आहे आणि आपल्यालाही.

म्हणून आमची भूमिका सरळ आहे. गुरूंच्या शहादतीच्या कार्यक्रमांना जा, पुढच्या रांगेत बसा. एखाद्या रविवारी नांदेडला जाऊन लंगरमध्ये सेवा करा. आणि नांदेडच्या तख्ताचा कारभार शीख समाजानेच निवडलेल्या माणसांकडे असावा, ही मागणी पुन्हा पुढे येईल तेव्हा तिच्याखाली आपलीही सही असू द्या.