छोट्या हत्तीची बाजू

लग्न जमवताना, घर बांधताना आणि गाडी घेताना माणसाला सल्ला मागावा लागत नाही. पैकी लग्नात आणि घरात सल्ला देणारा निदान ओळखीचा असतो. गाडीच्या बाबतीत तेवढीही अट नाही. परवा पिशोरच्या बसथांब्यावर भराडीकडे निघालेल्या एका गृहस्थांनी, ज्यांचे दर्शन मला त्यापूर्वी कधी घडले नव्हते, माझ्या खांद्यावर हात ठेवून सांगितले, "गुरुजी, घ्यायची तं मोठीच घ्या!" एवढे बोलून ते एस.टी.त चढले आणि निघून गेले. गाडी मला घ्यायची नाहीच. ती घ्यायची आहे माझ्या पुतण्याला. पण बातमी ज्या अर्थी भराडीपर्यंत पोचली, त्या अर्थी आता या विषयावर गप्प बसण्यात मतलब नाही.

प्रश्न तसा साधा आहे. शेतातला माल बाजारात न्यायला चार चाकांची गाडी घ्यायची. ती छोटी घ्यावी की मोठी? छोटी म्हणजे टाटाची एस, जिला कंपनीने दिलेले नाव बाजूला ठेवून सारा मुलूख छोटा हत्ती म्हणतो. मोठी म्हणजे महिंद्राची बोलेरो पिकअप, जिला नुसते पिकअप म्हटले की पुरते. या दोहोंच्या मध्ये अशोक लेलँडची दोस्त आहे, टाटाचीच इंट्रा आहे. पण मधल्याची दखल आपल्याकडे कोणी घेत नाही. मी तीन भावांतला मधला आहे, म्हणून मला ठाऊक.

मी छोट्या हत्तीच्या बाजूचा आहे, हे आधीच सांगून टाकतो. गावात या पक्षाचा मी एकमेव सभासद, त्यामुळे अध्यक्ष, चिटणीस आणि खजिनदारही मीच. विरोधी पक्षात माझे थोरले बंधू, वहिनी, गल्लीतले झाडून सारे शेजारी, खताचे दुकानदार आणि आता हे भराडीचे गृहस्थ. पुतण्या स्वतः कोणत्या पक्षात आहे ते कळत नाही. ज्याला हप्ते भरायचे असतात त्याला मत विचारायची आपल्याकडे पद्धत नाही.

हत्तीची कुळकथा थोडक्यात सांगतो, कारण विरोधी पक्ष तिला कालची पोर समजतो. आमच्या लहानपणी माल न्यायला बैलगाडी होती आणि तिच्यानंतर आला तो तीनचाकी टेम्पो. टेम्पो हे वास्तविक हॅम्बुर्गच्या एका जर्मन कंपनीच्या गाडीचे नाव. पुण्याच्या बजाज टेम्पोने ते इकडे आणले आणि २००५ साली स्वतःचे नाव बदलून फोर्स मोटर्स करून टाकले. आम्ही मात्र आजही कोणत्याही कंपनीच्या, कितीही चाकांच्या गाडीला टेम्पोच म्हणतो. १९८६ साली टाटाची ४०७ आली. आता तीनचाकीला चढ झेपेना आणि ४०७ ला पैसा झेपेना, अशी लहान शेतकऱ्याची मधल्या मध्ये कोंडी होती. ती फुटली २००५ च्या मे महिन्यात. सातशे दोन सी.सी.चे इंजिन, दोन सिलिंडर, सोळा हॉर्सपॉवर आणि पाठीवर साडेसातशे किलो. ही गाडी ज्या चमूने बनवली त्याचे प्रमुख गिरीश वाघ. वाघाने हत्ती घडवल्याचे जगाच्या इतिहासातले हे एकच उदाहरण असावे.

साडेसातशे किलो म्हणजे पन्नास किलोचे पंधरा कट्टे. पिकअपवाले हा आकडा ऐकून हसतात. त्यांची गाडी सव्वा टनापासून दोन टनांपर्यंत नेते. कबूल. पण मी एक पापकर्म केले: पुतण्याची भाड्याच्या गाड्यांची हिशेबाची वही मागून घेतली आणि दुपारभर वाचली. त्यात काय निघाले? जाधववाडीला कोबी, बारा कट्टे. कन्नडला मका, दहा कट्टे. येताना खत, आठ गोण्या. (युरियाची गोणी सरकारने २०१८ साली पन्नासाची पंचेचाळीस किलोंची केली, हे जाता जाता. गोणी लहान झाली आणि गाडी मात्र मोठी पाहिजे!) एकदा दोन शेळ्या आणि एक शिलाई मशीन. ज्या फेऱ्यांना हत्ती खरोखर पुरला नसता त्या एका हाताच्या बोटांवर मोजाव्यात, आणि तरी अंगठा मोकळा राहावा.

"अन् अद्रक?" दादांनी विचारले. अद्रक हे आमच्याकडचे ब्रह्मास्त्र आहे. पुण्यामुंबईकडे त्याला आले म्हणतात. आमच्याकडे आली की अद्रक येते, गेली की घर घेऊन जाते. २०२३ साली तिने असा काही भाव दाखवला की ज्यांनी ती लावली नव्हती त्यांना रात्री झोप येईना. मग सगळ्यांनीच लावली, आणि भावाने आपले दर्शन आवरते घेतले. पुतण्याच्या हातात गाडीसाठी जी काही रोकड आहे ती त्या एका वर्षाची. आता अद्रक काढायला निघाली की व्यापारी आपली गाडी थेट बांधाशी लावतो, तिथेच तोलतो, तिथेच भरतो. कापसाचेही बहुतेक तेच. म्हणजे जो माल पिकअपभर होतो तो आपल्या गाडीत बसतच नाही, आणि जो आपल्या गाडीत बसतो तो पिकअपभर होत नाही. हे मी दादांना दोनदा सांगितले. ते म्हणाले, "तुला शेतीतलं काय कळतं?" मी तीस वर्षे गणित शिकवले, शेती नव्हे, हे खरेच आहे.

गणिताचेच सांगतो. छोटी चार ते सहा लाखांच्या घरात येते. मोठीला नऊ-दहा लाख लागतात. फरकाच्या रकमेवर बँक व्याज लावते, आणि बँकेचा हप्ता बारा महिने येतो. माल दोन-तीन महिने येतो. उरलेले महिने गाडी गल्लीत उभी राहते. गाडी उभी असली तरी हप्ता चालत असतो; गाडीचा तेवढा एकच भाग बिघडत नाही.

"भाड्यानं लावू की," शेजारी म्हणाले. लावा. ज्याला भाड्याचाच धंदा करायचा आहे, रोज सिमेंट, सळई, कापसाच्या गाठोड्यांचे ढीग न्यायचे आहेत, त्याने खुशाल मोठी घ्यावी. त्याच्याशी माझे भांडण नाही. पण पिशोरात आज जेवढ्या पिकअप भाड्याने लागायला तयार आहेत, तेवढा माल पिशोरात नाही. चौकात सकाळी त्या ओळीने उभ्या असतात आणि त्यांचे मालक एकमेकांना चहा पाजत असतात.

दुसरा आक्षेप असा की छोटी दोन वर्षांत बसते. का बसणार नाही? साडेसातशे किलोच्या गाडीत हे लोक दीड टन भरतात, वर दोन माणसे बसवतात, आणि पाटे तुटले की कंपनीला शिव्या घालतात. बैलाला असे जुंपले असते तर बैलाने लाथ मारली असती. गाडीला लाथ मारता येत नाही म्हणून कायद्याला मारावी लागते: २०१९ च्या दुरुस्तीनंतर जादा भाराला वीस हजार रुपये दंड आहे, वर जादा टनामागे दोन हजार. आणि मोठी घेतली म्हणजे हे थांबेल असे कुठे आहे? छोटीत दीड टन भरणारा मोठीत तीन टन भरतो. हाव गाडीच्या मापाने वाढते.

तिसरा आक्षेप घाटाचा. "छोटी औट्रम घाट चढल का?" हा प्रश्न मला आतापर्यंत सात जणांनी विचारला. औट्रम घाट म्हणजे कन्नडहून चाळीसगावला उतरणारा. २०२३ च्या ऑगस्टमध्ये उच्च न्यायालयाच्या औरंगाबाद खंडपीठाच्या आदेशाने तिथे जड वाहनांना बंदी झाली, तेव्हापासून घाटाचा दरारा आणखीच वाढला. मी त्या सातही जणांना उलट विचारले, की आपण माल घेऊन चाळीसगावला शेवटचे कधी गेला होता? पाच जण कधीच गेले नव्हते. सहावे वरातीबरोबर गेले होते. सातवे म्हणाले, "पण जावं लागलं तं?" या 'जावं लागलं तं'वर आपल्या देशातला अर्धा कर्जव्यवहार उभा आहे.

चौथ्या आक्षेपाला मात्र मला हसू येत नाही. "मोठी असली की निंदायला, कापूस वेचायला बाया नेता येतात. पंचवीस-तीस आरामात." आरामात म्हणजे उभ्याने, एकमेकींना धरून, कडेची फळी पोटात रुतत असताना. सकाळी नाचनवेलच्या रस्त्याने जाणारी अशी गाडी मी रोज पाहतो. त्यात माझ्या शाळेत शिकलेल्या मुली असतात. वळणावर त्या मला हात करतात आणि मला वाटते, बाई, हात करू नकोस, दोन्ही हातांनी धर. मालवाहू गाडीत अशी माणसे न्यायला कायद्याने मनाई आहे. एवढेच नव्हे, अशा गाडीत फुकट बसलेल्या प्रवाशाला काही झाले तर भरपाई देण्याचे बंधन विमा कंपनीवर नाही, हे सर्वोच्च न्यायालयाने २००२ सालीच सांगून ठेवले आहे. म्हणजे एक चाक खड्ड्यात गेले की पंचवीस घरे एका बाजूला आणि साडेतीन एकरांचा मालक दुसऱ्या बाजूला. दादांना मी हे सांगितले तेव्हा ते म्हणाले, "सगळेच नेतात." सगळेच नेतात, म्हणूनच ज्या हौद्यात पंचवीस माणसे मावणारच नाहीत तो हौदा मला बरा वाटतो. मोह टाळण्याचा हा माझ्या माहितीतला सर्वांत स्वस्त उपाय आहे.

मोठ्या गाडीचे वेड ही काही पिशोरची एकट्याची मिरास नाही. अमेरिकेत फोर्डच्या एफ मालिकेच्या पिकअप १९७७ पासून तिथल्या ट्रकांत सर्वाधिक खपतात. आजची एफ-१५०, पुढेमागे पाच माणसे बसतील अशी घेतली, तर एकोणीस फुटांहून लांब भरते. आमच्या गल्लीत ती शिरली तर तिचे तोंड मारुतीपुढे येईल आणि शेपूट आमच्या दारात राहील. आणि या वाढीला खतपाणी कुणी घातले? कोंबडीने! युरोपने अमेरिकन कोंबड्यांवर जकात बसवली, त्याचा राग म्हणून अमेरिकेने १९६४ पासून परदेशी हलक्या ट्रकांवर पंचवीस टक्के कर लावला. बाहेरचे छोटे ट्रक महागले, घरचे दांडगे निर्धास्त झाले. उलट जपानात पाहा. तिथला शेतकरी जो केई ट्रक वापरतो त्याची लांबी जास्तीत जास्त तीन मीटर चाळीस सेंटिमीटर, इंजिन सहाशेसाठ सी.सी., ओझे साडेतीनशे किलो. म्हणजे आमच्या हत्तीच्या निम्मेच! त्यात तो भात नेतो, भाजी नेतो, आणि जपानी शेतकरी भिकेला लागल्याचे अजून ऐकले नाही. गंमत म्हणजे हे जुने केई ट्रक, पंचवीस वर्षांचे झाले की, आता अमेरिकन माणसे हौसेने मागवून घेतात.

ही जपानची हकीकत मी वहिनींना सांगितली. त्या शांतपणे ऐकून म्हणाल्या, "भाऊजी, जपानात पोरांची लग्नं व्हतात का?"

आणि इथे खरी गाठ आहे. पुतण्या एकतिसाव्या वर्षात आहे. चार ठिकाणी बोलणी झाली. मुलीचा बाप आधी नोकरी विचारतो, मग शहरातले घर विचारतो, आणि शेती म्हटले की चहाचा कप अर्धा ठेवून उठतो. वहिनींचे म्हणणे असे, की दारात पिकअप उभी असली तर तो निदान कप संपवील. यावर माझ्यापाशी तोडगा नाही. मी एवढेच म्हणालो, की वहिनी, गाडी पाहून दिलेल्या मुलीला पुढे हप्ते पाहत संसार करावा लागेल. पाहुण्यांना गाडीची लांबी दिसते, तिला महिन्याची दहा तारीख दिसेल. वहिनी काही बोलल्या नाहीत. पदराने डोळे पुसले की घाम, ते मला कळले नाही. पुतण्या मात्र पहिल्यांदाच मान वर करून म्हणाला, "काका, छोटीचा हप्ता कितीला बसन?" मी कागद काढला, तोच दादा आले.

दादांनी टेप आणला होता. आमची गल्ली बैलगाडीच्या मापाची. हत्ती तीतून सुखाने येईल, पिकअप मात्र आमच्या ओट्याला अडते, हे मीच त्यांना गेल्या आठवड्यात दाखवले होते. माझा तो हुकमी मुद्दा होता. त्यांनी ओट्याची रुंदी मोजली, भिंतीपासून गटारापर्यंत मोजले, टेप गुंडाळला आणि म्हणाले, "दोन फूट ओटा फोडला की झालं."

ओटा आमच्या वडिलांनी बांधलेला आहे. वाटण्या झाल्या तेव्हा तो माझ्याकडे आला, आणि सध्या मी बहुतेक वेळ त्याच्यावरच बसून असतो.